नाणं आणि घड्याळ

गेम पार्लरमध्ये मशीनसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचं गणित एकच असतं: टाकलेलं नाणं जास्तीत जास्त वेळ पुरलं पाहिजे. मग ते अमेरिकेतलं पंचवीस सेंटचं नाणं असो, नाहीतर आपल्याकडे पार्लरच्या काउंटरवर मिळणारं टोकन. कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम आपल्याकडची पोरं त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' म्हणूनच ओळखतात. तो खेळणाऱ्याचं लक्षही पॉइंटवर नसायचं. किती 'लाइफ' उरल्या, एवढंच तो बघायचा. मेलो नाही म्हणजे जिंकलो.

'स्टारकेड' नावाच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाने हे गणितच उलटं केलं. तिथे खेळणाऱ्याला नाणं टाकायचं नव्हतं. घड्याळ लावलेलं असायचं, आणि ते थांबेपर्यंत जितके पॉइंट जमतील तितकेच त्याचे. या एका बदलामुळे ओळखीचा प्रत्येक गेम वेगळाच होऊन बसला. चाळीस वर्षांनंतरही त्याचे भाग बघताना जीव गुंततो, तो यामुळेच. रंगीबेरंगी सेट, तेव्हाचे केस आणि जॅकेटं हे सगळं आहेच. पण खरी ओढ आहे ती समोरचा माणूस आता काय निवडेल, याची.

कार्यक्रम २७ डिसेंबर १९८२ रोजी टीबीएस वाहिनीवर सुरू झाला. निर्माते जेम्स करूसो आणि मेव्हिस आर्थर. पहिले २३ भाग मार्क रिचर्ड्स यांनी सादर केले आणि नंतर जेफ एडवर्ड्स आले. एडवर्ड्स आधी व्हिडिओ गेमवाले नव्हते, पण कार्यक्रम करता करता या खेळांच्या प्रेमात पडले आणि बघणाऱ्यालाही ते जाणवतं. एकूण १३३ भाग झाले आणि १९८४ मध्ये कार्यक्रम संपला. १९८२ हेच दूरदर्शन रंगीत झाल्याचं वर्ष. आपल्याकडे तेव्हा वाहिनी म्हणजे दूरदर्शनच, त्यामुळे स्टारकेड इथे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला तो फार नंतर, जुन्या टेपांवरून इंटरनेटवर आलेला. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण येते म्हणतात ना, तसं काहीसं.

खेळ साधा होता. दोन स्पर्धक, किंवा दोघादोघांच्या दोन जोड्या. सेटवर पाच मशीन मांडलेली. व्हिडिओ गेमबद्दल एक प्रश्न विचारायचा, आधी बझर दाबून बरोबर उत्तर देईल त्याने पाचांतलं एक मशीन निवडायचं. सुरुवातीला मिनिटभराचा वेळ, पुढच्या फेऱ्यांत त्याहून कमी. मग प्रतिस्पर्ध्याने तेच मशीन तेवढाच वेळ खेळायचं. तिन्ही लाइफ आधीच संपल्या तर डाव तिथेच आटोपला. पाचांतलं एक 'मिस्ट्री गेम' असायचं, ते नकळत निवडलं की वेगळं बक्षीस. मध्ये चार गेमची दृश्यं दाखवून नावं ओळखायला लावायचे. तीन फेऱ्यांची बेरीज ज्याची जास्त तो शेवटच्या फेरीत. तिथे उरलेल्या दोनांपैकी एक मशीन निवडायचं, आणि तोच गेम आधी वीस जणांना खेळायला लावून काढलेली सरासरी तीस सेकंदांत ओलांडायची. ओलांडली की बहुतेक वेळा एक अख्खं मशीनच घरी.

या नियमांत एक मेख आहे. तिन्ही फेऱ्यांचे पॉइंट जसेच्या तसे मिळवले जात. प्रत्येक गेमचं चलन मात्र वेगळं. 'डाँकी काँग'मध्ये एक पिंप उडी मारून ओलांडलं की १०० पॉइंट आणि पहिल्या बोर्डाचा, म्हणजे टप्प्याचा, बोनस ५,००० पासून उतरत जाणारा. 'रोबोट्रॉन'मध्ये पहिला माणूस वाचवला की १,०००, दुसरा २,०००, असं करत पाचव्याला ५,०००. म्हणजे डाँकी काँगवर मर्दुमकी गाजवून मिळवलेली दोन हजारांची आघाडी रोबोट्रॉनसारख्या मशीनवर दोन माणसं जास्त वाचवून पुसून टाकता येते. तेव्हा निवडायची संधी मिळालेल्याने स्वतःचा आवडता गेम निवडू नये. ज्यात पॉइंट मोठे आहेत आणि ज्यात आपल्यात नि समोरच्यात फरक जास्त आहे, तो निवडावा. 'डिफेंडर' हे त्याचं उत्तम उदाहरण. जॉयस्टिक फक्त वर-खाली जाते. उलट वळणं, वेग घेणं, गोळी, स्मार्ट बॉम्ब आणि हायपरस्पेस अशी पाच बटणं वेगळी. ज्याने ते मशीन कधी हाताळलं नाही, त्याची पहिली वीस सेकंदं कुठलं बटण काय करतं हे समजण्यातच जातात.

आता 'पॅक-मॅन'च घेऊ, कारण तो सगळ्यांनी खेळलेला असतो आणि मिनिटाच्या हिशेबात तो किती बदलतो हे त्यावरूनच नीट दिसतं.

बोर्डावर २४० साधे ठिपके, प्रत्येकी १० पॉइंट. चार मोठ्या गोळ्या, प्रत्येकी ५०. सगळा बोर्ड साफ केला तरी हे झाले २,६००. एका गोळीच्या जोरावर चारही भुतं खाल्ली तर २००, ४००, ८०० आणि १,६००, म्हणजे ३,०००. एकाच गोळीचे पॉइंट आख्ख्या बोर्डाच्या ठिपक्यांहून जास्त! नाणं टाकून खेळणारा मोठी गोळी जपून ठेवतो, अडचणीत सापडला की सुटकेसाठी वापरतो. घड्याळावर खेळणाऱ्याने असं केलं तर हातचं गेलं. त्याच्यासाठी गोळी हीच कमाई.

पण मशीन सुरू होताच कोपऱ्यातल्या गोळीकडे धाव घेणं ही नवख्याची हमखास चूक. तेव्हा भुतं बाहेर आलेलीच नसतात. लाल भूत पहिल्यापासून बाहेर असतं, गुलाबी लगेच निघतं, निळं मात्र ३० ठिपके खाल्ल्यावर आणि नारिंगी त्यानंतर आणखी ६० खाल्ल्यावर. पहिल्या बोर्डावर पॅक-मॅन सेकंदाला साडेसहा-सातच्या आसपास ठिपके खातो, म्हणजे चारही भुतं मैदानात यायला नुसत्या सरळ खाण्यातही तेरा-चौदा सेकंद जातात. त्याआधी गोळी घेतली तर चौघांच्या ऐवजी दोघंच हाती लागतात आणि ३,००० च्या जागी ६०० वर समाधान मानावं लागतं.

दुसरी गोष्ट भुतांच्या स्वभावाची. पहिल्या बोर्डावर ती सात सेकंद आपापल्या कोपऱ्यात फिरतात, मग वीस सेकंद पाठलाग करतात, पुन्हा सात सेकंद कोपऱ्यात, पुन्हा वीस सेकंद पाठलाग. पाठलागात असताना ती आपसूक आपल्या मागे गोळा होतात. म्हणून पहिल्या गोळीची वेळ सुरुवातीपासून अठरा ते पंचवीस सेकंदांच्या मधली. गोळीच्या अलीकडे दोन-तीन घरांवर पोचायचं, मागे वळून न बघता चौघांना जवळ येऊ द्यायचं, आणि अगदी शेवटच्या क्षणी ती खायची. गोळी खाल्ली की पहिल्या बोर्डावर सगळीच भुतं सहा सेकंद निळी, म्हणजे खाता येण्याजोगी, राहतात. जवळ असली तर सहा सेकंद पुरतात. विखुरलेली असली तर तिसऱ्यापर्यंतच हात पोचतो आणि १,६०० चा मोठा तुकडा निसटतो. आणखी एक बारकावा: भूत खाल्लं की पॉइंटचा आकडा दाखवायला पडदा सेकंदभर गोठतो. भुतांचं निळेपण त्यात खर्च होत नाही, पण स्टुडिओतलं घड्याळ चालूच असतं. चार भुतांमागे चार सेकंद गेली. म्हणून शेवटच्या आठ-दहा सेकंदांत नवीन गोळी घ्यायची तर भुतं अगदी अंगाशी असली तरच घ्यावी, नाहीतर सरळ ठिपके खात सुटावं. चेरी ७० ठिपक्यांनंतर येते खरी, पण तिचे १०० पॉइंट म्हणजे फक्त दहा ठिपके. वाटेत असेल तर घ्यावी, वाट वाकडी करू नये.

दोन गोळ्या अशा नीट साधल्या आणि मधल्या वेळेत दीडशे ठिपके झाले, तर मिनिटात साडेसात हजारांच्या पुढे जाता येतं. न मरता नुसता फिरत राहणारा, पार्लरमध्ये ज्याला तरबेज म्हणतात तो खेळाडू, दीड-दोन हजारांवर अडकतो. टीव्हीवर भलेभले पोरगे हरताना दिसतात ते यामुळे. त्यांचा खेळ वाईट नसतो, ते नाण्याचा खेळ घड्याळावर खेळत असतात.

इतर मशीनवरही हेच. 'सेंटिपीड'मध्ये सुरक्षित खेळणारा कोळ्यापासून दूर पळतो. पण कोळी जवळून मारला तर ९००, मधून ६००, लांबून ३००, आणि सेंटिपीडच्या शरीराचा तुकडा अवघ्या १० पॉइंटचा. 'गॅलागा'त आपलं विमान मुद्दाम शत्रूला पकडू द्यायचं आणि मग सोडवून जोडविमान करायचं, ही नाण्यावरची सगळ्यात नावाजलेली युक्ती. मिनिटाच्या खेळात ती बहुधा अंगाशी येते. पकडलं जाणं, वर ओढणाऱ्या किरणाची वाट बघणं, मग तोच शत्रू पुन्हा झेपावेपर्यंत थांबणं, यात पंधराएक सेकंद सहज जातात. त्यापेक्षा मोठा शत्रू दोन साथीदारांसह झेपावत असताना टिपला तर १,६००, आणि रांगेत उभा असताना टिपला तर १५०. थांबायचंच असेल तर त्यासाठी थांबावं.

वीस जणांच्या सरासरीबद्दल थोडं. ऐकताना ती सोपी वाटते. सरासरी ओलांडायची म्हणजे मधल्या माणसापेक्षा थोडं बरं खेळायचं, असं मनात येतं. पण वीसांत एकजण पट्टीचा निघाला तर? समजा एकोणीस जणांनी प्रत्येकी १,५०० केले आणि एकाने ११,५००. बेरीज ४०,०००, सरासरी २,०००. वीसातल्या एकोणीस जणांना जी गाठता आली नाही तीच आता स्पर्धकासमोर आकडा म्हणून उभी. त्या तीस सेकंदांतला ताण प्रेक्षकांना खरा वाटतो, कारण तो खरा आहे.

घरी किंवा मित्रमंडळींत असा डाव मांडायचा असेल तर अवघड नाही, पण चार गोष्टी आधी जुळवाव्या लागतात. 'मेम' हे जुनी मशीन संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे. त्यात प्रत्येक मशीनचे डिप स्विच, म्हणजे सेटिंग ठरवणारे आतले छोटे स्विच, बदलता येतात. लाइफ किती, बोनस लाइफ कितीवर, अवघडपणा कुठला, हे सगळ्यांसाठी एकच ठेवावं. घड्याळ नाणं टाकल्यावर सुरू करू नये. प्रत्येक गेमची सुरुवातीची धून आणि चित्रं वेगवेगळ्या लांबीची असतात, त्यामुळे हातात ताबा आला की सुरू करायचं, आणि हा नियम पाळायला एक तिसरा माणूस बसवायचा. टीव्हीवर खेळत असाल तर 'गेम मोड' चालू करा, नाहीतर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत इतका उशीर होतो की पॅक-मॅन प्रत्येक वळण चुकतो आणि दोष खेळणाऱ्याला मिळतो. आणि सरासरी काढायची तर वीस जण जमवाच. पाच जणांत एकाच उस्तादाने सगळा आकडा फिरतो.

जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर चाललेला गेम कॅमेऱ्यात घ्यायचा म्हणजे आणखी एक पंचाईत. अमेरिकन टीव्हीचं चित्र सेकंदाला ५९.९४ वेळा रंगवलं जातं, पॅक-मॅनचं मशीन ६०.६ वेळा. हा अर्धापाऊण फरक कॅमेऱ्यात काळ्या पट्ट्याच्या रूपाने दिसतो. दीड सेकंदाला एकदा तो पडद्यावरून सरकून जातो. आजच्या कॅमेऱ्यात शटर एक-साठांशावर ठेवलं तर पट्टा जवळजवळ नाहीसा होतो, ऑटोवर सोडलं तर प्रत्येक उजेडाला वेगळा पट्टा. दुसरी अडचण आकाराची. पॅक-मॅन, डाँकी काँग, गॅलागा ही सगळी उभ्या पडद्याची मशीन. पॅक-मॅनचं चित्र २२४ ठिपके रुंद आणि २८८ उंच. ते आडव्या टीव्हीत न कापता बसवलं तर निम्म्याहून जरा जास्त रुंदी भरते, बाकी मोकळी. 'टेंपेस्ट' आणि 'अ‍ॅस्टरॉइड्स' तर ओळींनी चित्र रंगवतच नाहीत. ट्यूबमधला किरण थेट रेषा ओढत जातो, आणि त्या रेषांची धगधगती चमक कुठल्याच चित्रीकरणात पूर्ण उतरत नाही. ती प्रत्यक्षच बघावी.

जिंकलेलं मशीन घरी आलं की पुढचं प्रकरण सुरू होतं, आणि ते आजही संपलेलं नाही. त्या काळातली मशीन आजपर्यंत तगलेली असतील तर कुणीतरी त्यांची मनापासून देखभाल केली म्हणूनच. प्रत्येकाचं दुखणं ठरलेलं. पॅक-मॅनच्या आतल्या सर्किट बोर्डाला कमी व्होल्टची एसी वीज कडेच्या ४४ पिनांच्या जोडणीतूनच येते आणि तिची डीसी बोर्डावरच होते. सगळा भार त्या दोन-चार पिनांवर. त्या तापतात, काळवंडतात, मग चित्रात अक्षरांचा कचरा दिसू लागतो किंवा मशीन मध्येच पुन्हा सुरू होतं. नुसतं घासून भागत नाही; जोडणीच नवी घालावी लागते, आणि बोर्डाच्या पट्ट्याही साफ कराव्या लागतात, नाहीतर नवीन जोडणीही वर्षभरात जळते. अटारी कंपनीच्या मशीनमध्ये तळाशी एक भला मोठा निळा कपॅसिटर असतो. तो थकला की चित्रात आडवी लाट आणि स्पीकरमध्ये घरघर. जॉयस्टिकच्या आतल्या पानासारख्या पत्र्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. तिथे पॉलिश पेपर लावणारे बरेच भेटतात. लावू नये, मुलामा जातो आणि आठवड्याभरात दिशा पुन्हा अडकते. जाड कागदाची पट्टी, म्हणजे एखादं व्हिजिटिंग कार्ड, दोन पत्र्यांमध्ये धरून दोन-तीनदा ओढलं की काम होतं.

मॉनिटर मात्र ज्याला येतं त्यानेच उघडावा. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात, ते आधी नीट जमिनीला उतरवावे लागतात. आणि अमेरिकेतून कुणी असं मशीन आपल्याकडे आणलं, तर ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावायचं नाही. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तिथल्या साठ हर्ट्झसाठी बनलेला आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या पन्नासवर थोडा जास्त तापतो, म्हणून पहिले काही तास तो फार तापत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं.

या सगळ्यात विल्यम्स कंपनीची मशीन, म्हणजे डिफेंडर आणि रोबोट्रॉन, वेगळी पडतात. त्यांच्या मुख्य बोर्डावर तीन साध्या पेन्सिल सेलची जागा असते. मशीन बंद असतानाही सेटिंग आणि हाय स्कोअर टिकावेत म्हणून. तेच सेल विसरले गेले की फुटतात, आतला क्षार बोर्डावर उतरतो आणि तांब्याच्या वाटा खात जातो. म्हणून जाणकार पहिल्याच दिवशी सेल काढून वायर लावून बोर्डापासून दूर, खाली ठेवतात, किंवा बॅटरी न लागणारी मेमरी चिप बसवतात.

पॅक-मॅन आणि डाँकी काँगमध्ये असली काही सोयच नाही. स्विच बंद केला की हाय स्कोअर गेला. पार्लरच्या मालकाने रात्री शटर ओढलं की दिवसभरात कुणी काय पराक्रम केला, तो सगळा पुसला जायचा. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षांत जगभरच्या पार्लरमध्ये केलेले स्कोअर असेच गेले. स्टारकेडच्या टेपांवर मात्र ते अजून आहेत. एक मुलगा मशीनसमोर जरा वाकून उभा आहे, कोपऱ्यात सेकंद उतरताहेत, गोळीच्या अलीकडे तो क्षणभर थांबतो, चारही भुतं जवळ येऊ देतो, आणि पडद्यावर एकामागून एक २००, ४००, ८००, १,६०० उमटतात.